वाट एक, पंगत निराळी

सायकल हें जन्मतःच एकट्याचें वाहन आहे. बैलगाडींत सारें घर मावतें, टांग्यांत चौघे दाटीवाटीनें बसतात, आगगाडीच्या डब्यांत तर निम्मा गांव भेटतो. पण सायकलच्या बैठकीवर जागा एकाचीच. जनावराला दाणावैरण घालावी लागत नाहीं, वेळापत्रक पाहावें लागत नाहीं. मनांत आलें कीं निघावें. मग अशा वाहनाच्या स्वारांना जमाव करून हिंडण्याची गरज कां वाटावी? तरीहि सायकलचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे असें आढळतें कीं, वाहन पुरतें सुधारण्यापूर्वींच त्याचे क्लब निघाले होते. या क्लबांचा इतिहास म्हणजे हौशी मंडळींच्या सहलींची निव्वळ जंत्री नव्हे. एकाच रस्त्यानें जाणाऱ्या माणसांनीं कोणाला आपल्या बरोबरीचें मानावें, हा प्रश्न त्यांत पहिल्यापासून गुंतलेला आहे.

चार्ल्स डिकन्स हा कादंबरीकार इ. स. १८७० च्या जूनमध्यें वारला. त्याच महिन्यांत लंडनमधील कांहीं सायकलस्वारांनीं एक क्लब स्थापन केला आणि डिकन्सच्या भटक्या नायकाची आठवण म्हणून त्याला 'पिकविक बायसिकल क्लब' असें नांव दिलें. आज हयात असलेल्या सायकल-क्लबांत हा सर्वांत जुना समजला जातो. त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत इंग्लंडांत असे क्लब गांवोगांव निघाले. त्या काळची सायकल म्हणजे पुढें छातीइतकें उंच चाक आणि मागें लहानसें चाक, अशी विचित्र रचना होती. खड्ड्यांत चाक अडलें कीं स्वार डोक्यावरच आदळे. रस्ते उखडलेले, गाडीवान् चिडलेले, कुत्रीं अंगावर येणारीं. तेव्हां एकट्यानें दूर जाणें हें धाडसच होतें. चौघे बरोबर असले तर पडलेल्याला उचलणारें कोणी तरी असे. संघाचा उगम अशा साध्या गरजेंत आहे.

परंतु गरजेबरोबर डौलहि आला. क्लबला गणवेष असे, कप्तान असे, बिगुल वाजविणारा असे. कप्तान पुढें, बाकीचे मागें. कप्तानाच्या पुढें जाणें हा बेशिस्तपणा. हॅम्टन कोर्ट येथें दर वर्षीं निरनिराळ्या क्लबांचा मेळावा भरूं लागला, आणि १८८२ सालीं तेथें दोन हजारांहून अधिक स्वार जमले होते. हा देखावा मोठा असला तरी त्यांत मुख्यतः एकाच थरांतील लोक दिसत. उंच चाकाची गाडी घेण्यास पैसा लागे, ती चालविण्यास रिकामा वेळ लागे, आणि घोळदार झगा नेसलेल्या स्त्रीला तर तिच्यावर चढणेंच अशक्य होतें. तिच्यासाठीं फार तर तीनचाकी होती.

१८७८ च्या ऑगस्टमध्यें हॅरोगेट येथें स्टॅन्ले कॉटरेल या तरुणानें व त्याच्या सोबत्यांनीं 'बायसिकल टूरिंग क्लब' स्थापन केला. पुढें १८८३ सालीं तीनचाकीवाल्यांनाहि सामावून घेण्यासाठीं त्याचें नांव 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' असें बदललें. या संस्थेची दृष्टि शनिवारच्या फेरीपलीकडे गेली. तिनें गांवोगांवीं आपले प्रतिनिधि नेमले, खाणावळवाल्यांशीं दर ठरवून घेतले, आणि अशा खाणावळींवर पंख असलेल्या चाकाचें चिन्ह झळकूं लागलें. अवघड उतारांवर तिनें धोक्याच्या पाट्या स्वतः उभारल्या; हें काम त्या वेळीं सरकारनेंहि अंगावर घेतलेलें नव्हतें. सायकलला कायद्यानें गाडीचा दर्जा मिळावा म्हणून चाललेल्या खटपटींतहि ती होती, आणि १८८८ च्या कायद्यानें तो दर्जा मिळाला. आज कोणी एकटा स्वार निर्धास्तपणें रस्त्यावरून जातो, त्याच्या त्या हक्कामागें हा जमाव उभा आहे. एकट्याचें स्वातंत्र्य पुष्कळदां अनेकांनीं मिळून मिळवावें लागतें, तें असें.

यानंतर यंत्रच बदललें. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ले यानें दोन सारख्या चाकांची, साखळीनें फिरणारी 'रोव्हर' सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेला टायर काढला. जोडीला किंमतीहि उतरत गेल्या आणि कारकून, शिक्षिका, गिरणीकामगार रस्त्यावर आले. यंत्रानें दार उघडलें खरें. पण दाराशीं बसलेल्या माणसांचें मन यंत्रानें बदलत नाहीं.

याची साक्ष देणारा एक खटला प्रसिद्ध आहे. लेडी हार्बर्टन ही सरदारघराण्यांतील बाई स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखाची पुरस्कर्ती होती. १८९८ च्या ऑक्टोबरमध्यें सरे परगण्यांतील एका हॉटेलांत ती सैल विजार घालून सायकलवरून आली. झगा नाहीं म्हणून तिला भोजनाच्या खोलींत बसूं दिलें नाहीं. बसायचें तर दारूच्या गुत्त्याजवळील खोलींत बसा, असें सांगण्यांत आलें. आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणजे काय हें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. तोच हा प्रकार, फक्त तेथें जातीऐवजीं पोशाख आडवा आला. टूरिंग क्लबनें स्त्रियांना १८८० सालींच सभासद करून घेतलें होतें. त्यानें हें प्रकरण आपलें मानून १८९९ सालीं कोर्टांत नेलें, आणि तो खटला हरला. ज्यूरीच्या मतें बाईंना जागा नाकारलेली नव्हती, निराळी जागा दिलेली होती! खटला गेला, पण पुढच्या पिढीच्या पोशाखानें त्या ज्यूरीचा निकाल केव्हांच फिरविला.

मात्र क्लब म्हटला कीं तो नेहमीं दुर्बळाच्या बाजूनें उभा राहतो, असें समजणें भाबडेपणाचें होईल. 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही संस्था १८८० सालीं न्यूपोर्ट येथें निघाली. चांगल्या रस्त्यांसाठीं तिनें देशभर जी चळवळ केली, तिच्या रेट्यानें १८९३ सालीं अमेरिकन सरकारला रस्त्यांच्या चौकशीसाठीं स्वतंत्र कचेरी उघडावी लागली. पण लगेच पुढच्या वर्षीं याच संस्थेनें, गोऱ्या वर्णाखेरीज कोणी सभासद होऊं नये, असा नियम केला. बॉस्टनकडची किटी नॉक्स ही शिवणकाम करणारी तरुणी. बाप कृष्णवर्णी, आई गोरी. ती नियमाच्या आधींपासूनची सभासद होती. १८९५ सालीं अ‍ॅस्बरी पार्क येथील मेळाव्यांत ती स्वतः शिवलेल्या पोशाखांत हजर झाली, तेव्हां तिला येण्याचा हक्क आहे कीं नाहीं यावरून वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला. नियम मागाहूनचा असल्यामुळें तिचें सभासदत्व कायम राहिलें, पण नियमहि राहिला. तो चुकीचा होता असें त्या संस्थेनें जाहीर केलें तें १९९९ सालीं. सर्वांसाठीं रस्ते मागणाऱ्यांना, आपण 'सर्व' कोणास म्हणतों हें कळण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

याच सुमारास इंग्लंडांत एक वेगळाच प्रयोग चालला होता. रॉबर्ट ब्लॅचफर्ड याच्या 'क्लॅरियन' या समाजवादी पत्राच्या वाचकांपैकीं टॉम ग्रूम वगैरे कांहीं तरुणांनीं १८९४ च्या फेब्रुवारींत बर्मिंगहॅम येथें सायकल-क्लब काढला. वर्षभरांत त्याचा देशव्यापी संघ झाला. आठवडाभर गिरणीच्या धुरांत राबलेलीं माणसें सुटीच्या दिवशीं डोंगराकडे निघत, वाटेंतील खेड्यांत पत्रकें वांटीत, चव्हाट्यावर सभा घेत. एकानें 'बूट्स!' म्हणून आरोळी द्यावी आणि समोरच्यानें 'स्पर्स!' म्हणून उत्तर द्यावें, असा त्यांचा रामराम असे. स्त्रीपुरुष बरोबरीनें जात. पुढें स्त्रियांच्या मतदानाच्या लढ्यांत गाजलेल्या पँखर्स्ट भगिनीहि तरुणपणीं या मंडळींबरोबर हिंडत. यांतहि फाटाफूट झाली नाहीं असें नाहीं. ब्लॅचफर्डनें बोअर युद्धाची आणि नंतर १९१४ च्या युद्धाचीहि बाजू घेतली, तेव्हां अनेक अनुयायी त्याच्यापासून दुरावले. पत्र केव्हांच बंद पडलें. पण लँकेशायरमध्यें नेल्सन गांवाजवळ १९१२ सालीं बांधलेलें 'क्लॅरियन हाउस' उभें आहे, आणि तेथें अजून रविवारीं येणाऱ्याजाणाऱ्याला चहा मिळतो. तेथें निराळी खोली दाखविली जात नाहीं. जर्मनींत कामगारांचा असाच 'सॉलिडॅरिटेट' नांवाचा संघ १८९६ सालीं निघाला. १९३३ सालीं नाझी सत्तेनें तो मोडला. सायकलवरून सहलीला जाणाऱ्यांची सत्ताधाऱ्यांना भीति वाटावी, यावरूनच या जमावाचें मोल कळतें.

महाराष्ट्रीय वाचकाला हें सारें वाचून पंढरीची वाट आठवल्यावांचून राहणार नाहीं. तेथेंहि वाट एक, नाम एक. पण मुक्कामाला दिंड्यादिंड्यांच्या, जातीजातींच्या चुली निराळ्या, हें दृश्य आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलें आहे. बरोबर चालणें सोपें असतें, बरोबर बसणें कठीण. लंडन, सरे किंवा अ‍ॅस्बरी पार्क येथें अडलें तें रस्त्यावर नव्हे, मुक्कामावर.

सायकलींच्या जथ्यांत सर्वांत मागें राहिलेल्यासाठीं थांबण्याची एक चांगली रीत आहे. चढ आला कीं बळकट स्वार पुढें जातात आणि माथ्यावर पाय टेकून वाट पाहतात. शेवटला धापा टाकीत पोंचला म्हणजे मगच सगळे निघतात. जथ्याची खरी ओळख तेथें पटते. पुढें कोण गेलें हें पाहून कळतें तें फक्त कोणाचे पाय बळकट आहेत एवढेंच. मंडळी कशी आहे, हें मागच्यासाठीं कोण थांबलें यावरून कळतें.