जनता घड्याळ आणि आजचे हौशी घड्याळजी



हल्ली काही हौशी लोक घरी बसून चावीचं घड्याळ स्वतः जोडतात. मशीन, तबकडी, काटे, केस सुटं मागवायचं आणि टेबलावर घड्याळ उभं करायचं. "तयार भाग जोडले, त्यात बनवलं काय?" असं कोणी विचारलं की मी एचएमटीचा इतिहास सांगतो. आपला देशही घड्याळ असाच शिकला.

१९६१ मध्ये सरकारी एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून बंगळूरला घड्याळांचं काम सुरू केलं. पहिली खेप पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. तंत्र जपानचं, हात आपले. आधी जुळणी शिकलो, मग हळूहळू भाग इथेच होऊ लागले. जनता, पायलट, सोना, अंधांसाठी ब्रेल घड्याळ, आणि लग्नात जावयाला हवं असलेलं कांचन! जनतामध्ये १७ ज्वेल. ज्वेल म्हणजे दागिना नव्हे, चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे. बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला ५. रोज सकाळी चावी दिली की झालं.

आम्ही बेळगावकर १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, ते दुःख आजही आहे. पण सीमाप्रश्नाच्या सभेला "वेळेवर या" म्हणणाऱ्याच्या मनगटावरही घड्याळ बंगळूरचंच असायचं. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

मग क्वार्ट्झ आलं. सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा स्फटिक आणि एक सेल. चावी नको, दुरुस्ती फारशी नको. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन काढली, तिचा भर क्वार्ट्झवर होता. एचएमटी मागे पडली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखान्याबरोबर गल्लीतला घड्याळजीही कमी झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या त्या माणसाची विद्या कुठे लिहिलेली नव्हती, ती हातात होती.

म्हणून मला या हौशी लोकांचं मोल वाटतं. मी कॉमर्सचा माणूस, तरी निवृत्तीनंतर यात पडलो. नवशिक्याने आधी जपानी एनएच३५ सारखं तयार मशीन घ्यावं. तबकडी बसवायची. चावी हळूहळू फिरवून तारीख बदलते तो क्षण पकडायचा आणि तिथेच दोन्ही काटे बरोबर १२ वर बसवायचे. नाहीतर तारीख भलत्याच वेळी बदलते. चावीचा दांडा थोडा थोडा कापायचा, एकदम नाही; जास्त कापला की वाढत नाही.

त्यानंतर मोडकं हातचावीचं मशीन खोलून पुन्हा जोडायचं. खोलण्याआधी स्प्रिंग क्लिक धरून सैल करायची. भरलेल्या स्प्रिंगवर पॅलेट काढला तर चाकं भरकन फिरतात आणि बारीक टोकं मोडतात. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, प्रत्येक स्क्रूची जागा खतावणीसारखी मांडा. उघड्या बोटाने भागांना हात लावू नका, घामाने गंज धरतो. तेल सुईच्या टोकाएवढंच. बॅलन्स जागेवर बसला आणि आपोआप धडधडू लागला की जो आनंद होतो, तो विकत मिळत नाही.

एक सावधगिरी. बाजारात "जुनी एचएमटी" म्हणून भडक रंगवलेल्या नव्या तबकड्यांची घड्याळं फार मिळतात. चालतात, पण ती तबकडी बंगळूरची नव्हे.

खरी एचएमटी आपल्याच कपाटात असेल, वडिलांची नाहीतर सासऱ्यांची. ती भंगारात देऊ नका. तुमच्या गावात अजून एखादे जुने घड्याळजी बसत असतील तर घरातल्या नातवंडाला घेऊन त्यांच्याकडे जा आणि चिमटा कसा धरायचा एवढं तरी दाखवायला सांगा. आणि घरात कोणतं घड्याळ आहे, कोणाचं होतं, ते इथे जरूर लिहा.