नोंदवहीबाहेरचा कांदा

जे दप्तरी नाही ते अस्तित्वातच नाही, ही समजूत सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांच्या हाडीमाशी खिळलेली असते. हिमालयातील एका रानकांद्याचा इतिहास वाचताना ती आम्हांस तपासून पाहावी लागली.

उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेला लागून नीती खोरे आहे. तेथील मलारी गावाच्या परिसरात राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संशोधकांना २०१९ साली हा कांदा इतरांहून निराळा आढळला. २०२१ साली ‘ॲलियम नेगियानम’ या नावाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. कांदा-लसणाच्या रानटी भाईबंदांचा संग्रह करणारे डॉ. कुलदीपसिंह नेगी यांचा त्यात गौरव आहे. सुमारे १,१०० जातींच्या या गोतात एकाची भर पडली.

शास्त्राच्या दृष्टीने तो नवा खरा. पण खोऱ्यातील भोटिया समाजाच्या परसात तो पूर्वीपासूनच होता. तेथील बायाबापड्या त्याच्या पातीची व कंदाची फोडणी देत आल्या आहेत. हा समाज उन्हाळ्यात वरच्या गावांत व हिवाळ्यात खाली राहणारा. धान्य देऊन तिबेटातून मीठ व लोकर आणण्याचा त्यांचा पिढीजात व्यापार १९६२च्या युद्धाने थांबला. व्यापार गेला, पण स्वयंपाकघरातील ही ओळख मात्र उरली.

तीन हजार ते ४,८०० मीटर उंचीवरील गवताळ कुरणांत व ओढ्याकाठच्या रेताड जमिनीत हा कांदा वाढतो. वितळत्या बर्फाचे पाणी त्याचे बी वाहून नेते. त्याचा प्रदेश मुळातच तोकडा. त्यात पात व कंद बेसुमार खुडले गेल्यास रानातला वंश धोक्यात येईल, असा इशारा संशोधकांनीच दिला आहे.

येथे दुसऱ्या एका दप्तराची आठवण होते. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवावयाच्या आहेत. या कल्पनेचा पाठपुरावा करणाऱ्यांत पुण्याचे माधव गाडगीळ अग्रणी होते. गावाचे ज्ञान गावाच्याच नावे लिहिले जावे व त्याच्या लाभात गावाचा वाटा असावा, हा त्यामागील हेतू.

शास्त्राच्या वहीत या कांद्यास नाव मिळाले, हे योग्यच झाले. ज्या हातांनी तो परसात लावून जपला, त्यांचीही नोंद व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.