कॉकपिटमधल्या रेडिओच्या बटणाची कुळकथा

प्रवासी विमानात दोन वैमानिकांच्या मधोमध, हात सहज पोचेल अशा जागी, रेडिओची एक लहानशी पाटी असते. तिच्यावर आकड्यांच्या दोन खिडक्या, एकावर एक बसवलेली दोन गोल बटणे आणि अदलाबदलीची एक कळ असते. एका खिडकीत सध्या चालू असलेली वारंवारता दिसते, तर दुसरीत पुढे लागणारी वारंवारता आधीच लावून ठेवता येते. मोठ्या बटणाने मेगाहर्ट्‌झ बदलतात आणि त्याच्यावरच्या लहान बटणाने किलोहर्ट्‌झ. कळ दाबली की दोन्ही आकडे जागा बदलतात. या पाटीवरचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या जुन्या अडचणीतून जन्मला आहे. वैमानिकाला आवाज शोधावा लागू नये, तो नुसता निवडता यावा, यासाठी अनेक दशके जे प्रयत्न झाले त्यांच्या खुणा तिच्यावर आहेत.

पहिल्या विमानी रेडिओला जुळवणीचे बटण नव्हतेच. २७ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कजवळच्या शीप्सहेड बे येथे जे. ए. डी. मॅककर्डी यांनी कर्टिस विमानातून जमिनीवर बिनतारी संदेश पाठवला. त्यांच्याजवळ सुकाणूच्या चाकाला बांधलेली मोर्सची कळ होती आणि संदेश एकतर्फी होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरची विमाने तोफांचे गोळे कुठे पडतात हे ठिणगीच्या प्रेषकावरून कळवत. विमान वर गेल्यावर शिशाचे वजन बांधलेली लांब तार फिरकीवरून खाली सोडावी लागे आणि उतरण्याआधी ती पुन्हा गुंडाळावी लागे. तीच एरियल. तिची लांबी आणि प्रेषित लहरीची लांबी यांचे नाते असल्याने रेडिओसाठी हाताने फिरवायचे जे पहिले साधन विमानात आले, ते ही तारेची फिरकी म्हणता येईल.

निर्वात नळ्यांचे ग्राहक संच आल्यावर विमानात ऐकणेही शक्य झाले आणि खरी जुळवणी सुरू झाली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टपालाच्या हवाई मार्गांवर कमी वारंवारतेची मार्गदर्शक केंद्रे उभी राहू लागली. विमान मार्गाच्या एका बाजूला असले की मोर्समधला ‘ए’ ऐकू येई, दुसऱ्या बाजूला ‘एन’, आणि नेमक्या मार्गावर दोन्ही मिसळून सलग सूर लागे. एका केंद्राचा आवाज विरत गेला की पुढचे केंद्र शोधावे लागे, म्हणजे रात्री, ढगांत, विमान हाताळत असतानाच ग्राहकाचा काटा सरकवावा लागे.

इथे जागेचा प्रश्न होता. संच अवजड असल्यामुळे तो कॉकपिटमध्ये न ठेवता मागे, धडात कुठेतरी बसवत. वैमानिकासमोर फक्त लहान हँडल आणि तबकडी असे. दोन्हींना जोडणारी लवचिक दांडी दुचाकीच्या स्पीडोमीटरच्या तारेसारखी आवरणातून जाई. वैमानिक हँडल फिरवी आणि मागे संचातली धारित्राची पाती वळत. दळण दळल्यासारख्या या हालचालीमुळे इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांनी अशा ग्राहकाला ‘कॉफी ग्राइंडर’ असे नाव दिले. दांडी लांब असली की हँडल आणि पाती यांच्यात थोडी ढिलाई येई. तापमान बदलले किंवा विमान थरथरले की जुळलेला सूर सरके. मग खरखरीतून तो पुन्हा शोधावा लागे.

सगळ्याच विमानांत एवढीही सोय नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला टपाल आणले, त्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. मोठ्या विमानांत या कामासाठी स्वतंत्र रेडिओ ऑपरेटर बसे. त्याच्याकडे वेळ होता आणि दोन्ही हात मोकळे होते. एकट्या वैमानिकाकडे यातले काहीच नव्हते. लढाऊ विमानात तर एक हात सुकाणूवर, दुसरा इंजिनाच्या तरफेवर आणि डोळे आकाशात असत. शोधण्याची रीत मोडण्याची निकड तिथे सर्वांत जास्त होती.

वाट काढली ती क्वार्ट्‌झच्या स्फटिकाने. ठरावीक जाडीची कापलेली क्वार्ट्‌झची चकती विजेच्या मंडलात ठेवली की ती आपल्या ठरलेल्या गतीनेच कंप पावते आणि सहसा ढळत नाही. म्हणजे वारंवारता हवेत शोधण्याऐवजी जमिनीवरच कापून, खोबणीत बसवून बरोबर नेता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश टीआर-११४३ आणि त्याच्या धर्तीवरच्या अमेरिकन एससीआर-५२२ या अतिउच्च वारंवारतेच्या संचांत हीच युक्ती होती. एससीआर-५२२ मध्ये बोलण्याचे चार ठरलेले मार्ग (चॅनेल) आणि प्रत्येक मार्गाला पाठवण्यासाठी एक व ऐकण्यासाठी एक, असे आठ स्फटिक असत. उड्डाणापूर्वी यंत्रज्ञ ते बसवून जुळवणी करून देई. वैमानिकासमोरच्या डब्यावर फक्त पाच कळा उरल्या : एक बंद करण्याची आणि बाकीच्या ए, बी, सी, डी. प्रत्येकीशेजारी लहान दिवा होता. हातमोजा घातलेल्या बोटाने, खाली न पाहताही योग्य कळ दाबता येई.

मात्र जुनी रीत लगेच संपली नाही. त्याच युद्धात वापरलेल्या एससीआर-२७४-एन संचाच्या नियंत्रण डब्यावर तीन ग्राहकांसाठी तीन हँडले आणि त्यांच्या लवचिक दांड्या होत्या. दोन्ही रीतींची उणीव उघड होती. हँडलने सारा पट्टा धुंडाळता येई, पण वेळ जाई. कळेने काम क्षणात होई, पण चारांपलीकडे पाचवा मार्ग नव्हता. कॉलिन्स कंपनीच्या ऑटोट्यूनने मधली वाट धरली. त्यात आधी ठरवून ठेवलेल्या जागांवर मोटरच जुळवणीची बटणे फिरवून आणून थांबवी. एआरटी-१३ या बॉम्बर विमानांतल्या प्रेषकात ही यंत्रणा होती.

युद्धानंतर नागरी वाहतूक वाढली आणि चार मार्गांनी भागेना. १९४७ मध्ये ११८ ते १३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विमानांच्या बोलण्यासाठी ठरला. दर दोन मार्गांत २०० किलोहर्ट्‌झचे अंतर, म्हणजे एकूण ७० मार्ग. पुढे पट्टा १३६ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढला, अंतर १०० आणि मग ५० किलोहर्ट्‌झवर आले, आणि १९६४ पर्यंत मार्ग ३६० झाले. १९७२ मध्ये २५ किलोहर्ट्‌झचे अंतर आल्यावर ते ७२० झाले. १९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत पट्टा १३७ मेगाहर्ट्‌झपर्यंत गेल्यावर ७६०. या वाढीबरोबर कॉकपिटमधली पाटीही बदलत गेली.

लहान खासगी विमानांना सुरुवातीला निम्माच लाभ मिळाला. त्यांच्या प्रेषकात मोजके स्फटिक असत आणि ग्राहक हँडलचाच असे. वैमानिक एका वारंवारतेवर बोले आणि विमानतळावरच्या नियंत्रण मनोऱ्याचे उत्तर दुसऱ्या वारंवारतेवर ऐके. नार्को कंपनीच्या संचांत मदतीला ‘व्हिसल स्टॉप’ ही सोय होती. कळ दाबली की प्रेषकाच्या स्फटिकाचा क्षीण संकेत ग्राहकात शिट्टीसारखा ऐकू येई. ती शिट्टी सापडली की ग्राहक त्याच वारंवारतेवर जुळला असे समजायचे.

प्रत्येक मार्गाला वेगळा स्फटिक द्यायचा तर शेकडो स्फटिक लागले असते. त्यावरचा उपाय बेरजेचा होता. मेगाहर्ट्‌झसाठी स्फटिकांचा एक संच आणि किलोहर्ट्‌झसाठी दुसरा ठेवायचा, आणि दोन्हींतल्या एकेका स्फटिकाची कंपने मंडलात मिसळून हवी ती वारंवारता मिळवायची. तत्त्वतः १८ आणि २० असे मिळून ३८ स्फटिक ३६० मार्गांना पुरतात. एका बटणाने पहिल्या संचातला स्फटिक निवडायचा, दुसऱ्याने दुसऱ्या संचातला. दोन्ही बटणे एकाच आसावर, एकावर एक बसवली की जागाही वाचते आणि हातही हलवावा लागत नाही. आजच्या पाटीवरचे मोठे आणि लहान बटण या व्यवस्थेशी जुळते आहे. स्फटिकांचे ते संच गेले, पण बोटांना लागलेले वळण राहिले.

मोठ्या विमानांत संच अजूनही कॉकपिटबाहेर, वेगळ्या कप्प्यात होता. लवचिक दांडीची जागा आता विजेच्या तारांनी घेतली. प्रत्येक अंकासाठी पाच तारा असत आणि त्यांपैकी नेमक्या दोन जोडल्या जात. पाचांतून दोन निवडण्याचे प्रकार बरोबर दहा होतात, म्हणजे शून्य ते नऊ हे सारे अंक त्यात बसतात. एखादी तार तुटली तर जोडलेल्या तारांची संख्या दोन राहत नाही आणि चूक लक्षात येते. पुढे संगणकी आज्ञावहन आले आणि तोच आकडा तारांच्या एकाच जोडीतून संकेतांच्या रूपाने जाऊ लागला.

१९७० च्या दशकात वारंवारता संश्लेषक आटोपशीर आणि स्वस्त झाले. त्यांत एकच स्थिर स्फटिक मोजपट्टीसारखा असतो. दुसऱ्या आंदोलकाची गती ठरावीक संख्येने भागून त्याच्याशी सतत ताडून पाहिली जाते आणि फरक पडताच दुरुस्त होते. भागणारी संख्या बदलली की वारंवारता बदलते. म्हणजे बटण आता पाती वळवत नाही, स्फटिकही निवडत नाही. ते फक्त एक संख्या बदलते. संख्या साठवता येते, म्हणून दुसरी खिडकी सोपी झाली. किंग कंपनीच्या केएक्स-१५५ सारख्या १९८० च्या दशकातल्या संचांनी चालू आणि राखीव वारंवारता व त्यांची अदलाबदल करणारी कळ लहान विमानांत रुळवली. या कळेचे मोल मोठे आहे. नवी वारंवारता लावताना जुनी तुटत नाही, आणि नव्या जागी उत्तर मिळाले नाही तर एका दाबासरशी आधीच्या नियंत्रकाकडे परतता येते. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्ये अशा तीन पाट्या आहेत आणि एक बिघडली तर दुसरीवरून तेच संच चालवता येतात.

युरोपात ७६० मार्गही अपुरे पडले. १९९९ पासून तिथे उंचावरच्या उड्डाणांसाठी २५ किलोहर्ट्‌झच्या जागेत तीन मार्ग बसवण्यात आले आणि अंतर ८.३३ किलोहर्ट्‌झ झाले. ही अपूर्णांकी वारंवारता बोलून सांगणे आणि लावणे अवघड, म्हणून मार्गांना सोयीचे आकडे दिले गेले. खिडकीत ११८.०१० दिसते तेव्हा संच प्रत्यक्षात सुमारे ११८.००८३ मेगाहर्ट्‌झवर असतो. ११८.००५ लावले तर वारंवारता ११८.००० च असते, मात्र मार्ग अरुंद होतो. पाटीवरचा आकडा आता लहरीचे मोजमाप नव्हे, मार्गाचे नाव आहे. ते नाव लावले की नेमकी लहर गाठण्याचे काम संच स्वतः करतो.