सारीपाट ते सुपर फॅमिकॉम : एका पार्वतीची तीन सोंगे

मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना ‘अद्भुत’ या शब्दापाशी फार वेळ थांबायचे नाही, असा एक प्रघात पडून गेला आहे. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आणि तिच्या जातकुळीतल्या कादंबऱ्या एका तासात उरकायच्या आणि १८८५ साली हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’पाशी पोचल्यावर सुटकेचा निःश्वास टाकायचा. अद्भुत हे वाङ्मयाचे बाळपण आणि वास्तव हे त्याचे प्रौढपण, असे गृहीत त्यामागे असते. हे गृहीत तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही एक आडवळणाचे उदाहरण घेतले आहे. ते मराठीतले नाही, ग्रंथरूपही नाही. तो एक जुना जपानी व्हिडिओ गेम आहे. मात्र त्याच्या नायिकेचे नाव ऐकले की मराठी वाचक कान टवकारल्याशिवाय राहणार नाही. तिचे नाव पार्वती.

जपानमध्ये चित्रकथेला ‘मंगा’ म्हणतात. ताकादा युझो या चित्रकथाकाराची ‘थ्री बाय थ्री आइज’ ही मंगा १९८७ साली कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकातून सुरू झाली आणि २००२ पर्यंत चालली. तिचे चाळीस खंड झाले. या कथेवरून निन्तेन्दो कंपनीच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी दोन खेळ निघाले, पहिला १९९२ साली आणि दुसरा १९९५ साली. दोन्ही ‘रोल प्लेइंग’ म्हणजे भूमिका वठवण्याच्या जातीचे. खेळणाऱ्याने कथेतल्या पात्राच्या अंगात शिरायचे, नकाशावरून गावोगाव हिंडायचे, भेटेल त्याच्याशी बोलायचे, वैऱ्याशी आळीपाळीने वार करत लढायचे आणि अनुभवागणिक बळ वाढवीत कथेच्या शेवटाला पोचायचे, अशी या जातीच्या खेळांची रीत. जपानमध्ये ती १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने घरोघर पोचवली. ‘रोल प्लेइंग’ला मराठीत नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘सोंग’ हा शब्द आहे. भारुडात सोंग असते, बोहाड्यात असते, आमच्या पूर्व विदर्भातल्या दंडारीत पुरुष लुगडे नेसून उभा राहतो तेही सोंगच. तेव्हा याला ‘सोंगाचा खेळ’ म्हणावे.

आता कथा. तोक्योतल्या याकुमो नावाच्या शाळकरी मुलाला पाइ नावाची मुलगी भेटते. ती तिबेटातून आली आहे. याकुमोचे वडील प्राचीन दंतकथांचे अभ्यासक. त्रिनेत्री वंशाच्या शोधात असता तिबेटात वारलेले. पाइ हीच त्या वंशातली शेवटची. वय तीनशे वर्षांहून अधिक, दिसायला मात्र कोवळी पोर. तिच्या कपाळावर तिसरा डोळा आहे. तो मिटलेला असतो तेव्हा ती भाबडी आणि लाघवी असते. तो उघडतो तेव्हा तिच्यातली दुसरी, कठोर आणि पुरातन व्यक्ती बोलू लागते. एका अपघातात याकुमो मरणाच्या दारी जातो. पाइ त्याचा प्राण आपल्या ठायी ओढून घेते, आणि ती जिवंत असेतो याकुमोला मरण उरत नाही. तो तिचा अमर सेवक होतो. दोघांचे ध्येय मात्र एकच, पुन्हा माणूस होणे. तिचे मूळ नाव पार्वती, त्या नावाची चौथी. ज्याच्यापासून पळायचे तो त्रिनेत्रींचा राजा मूळचा शिव, आणि त्याच्या बलाढ्य सेवकाचे नाव बनारस.

हे वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडली तर ती समजण्याजोगी आहे. ज्या नगरीत मरण यावे म्हणून माणसे वाट पाहतात तिचे नाव एका खलपुरुषाला? परंतु रागावण्यापूर्वी ही नावे जपानला कशी पोचली हे पाहणे अगत्याचे आहे.

भारतातले देव जपानला पोचले ते बौद्ध धर्माच्या पालखीतून. बौद्ध परंपरेने आधीच्या देवदेवतांना हाकलले नाही. त्यांना आपल्या घरात जागा दिली. याचा पुरावा आमच्या भंडारा जिल्ह्यातच आहे. वैनगंगेकाठी पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा तेथे प्राचीन स्तूप उजेडात आला. त्याच्या शिल्पांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे. नागपूजा बुद्धाहून जुनी. पण स्तूपात येताना नाग रक्षक होऊन आला. अशाच रीतीने पुढे चीनमार्गे जपानला गेलेल्या सरस्वतीला आणि लक्ष्मीला तेथे मानाचे पाट मिळाले. बेंझाइतेन आणि किचिजोतेन या नावांनी त्यांची आजही पूजा होते.

शिवपार्वतीचे नशीब मात्र वेगळे. वज्रयान ग्रंथांत अशी कथा आहे की महेश्वराने बुद्धाची आज्ञा मानली नाही, म्हणून वज्रपाणीने उग्र रूप घेऊन त्याला आणि उमेला पायाखाली घातले. या उग्र रूपाला त्रैलोक्यविजय म्हणतात; त्याचे बीजाक्षर हूं, आणि ‘हुंकार’ हेही त्याचे एक नाव. ही परंपरा चीनमध्ये शिकून कूकाइ हा भिक्षू ८०६ साली जपानला परतला. क्योतोतल्या तोजी मंदिरातील व्याख्यानगृहात त्याच्या योजनेप्रमाणे नवव्या शतकात घडलेली मूर्ती आजही आहे. त्रैलोक्यविजय उभा आहे, एका पायाखाली महेश्वर, दुसऱ्या पायाखाली उमा. बाराशे वर्षे होत आली, ती तशीच आडवी आहे.

या पार्श्वभूमीवर ताकादांनी त्रिनेत्री वंशाला दिलेले नाव वाचावे. ते आहे ‘सान्जियान उन्कारा’. सान्जियान म्हणजे त्रिनेत्री. आणि उन्कारा म्हणजे आपल्याच ‘हुंकार’ शब्दाचा चिनी अक्षरांतून जपानी जिभेवर उतरलेला उच्चार. ज्या हुंकाराने उमेला तुडवले, तेच नाव इथे उमेच्या कुळाला मिळाले आहे. १९८७ साली करमणुकीच्या एका नियतकालिकाच्या पानांवर, पायाखालची उमा उठून चालू लागली. एवढेच नव्हे, तर वाचकाचे सारे प्रेम तिच्या बाजूला गेले. १९९३ साली या मंगेला कोदान्शा पुरस्कार मिळाला.

येथे आमच्या मुद्द्याचा पहिला भाग येतो. देवता प्रवासाला निघाली की तिचे काय होते याचा निर्णय शास्त्रे करतात तसाच कथाकारही करतात. आणि पुष्कळदा शास्त्राने दिलेला निकाल कथाकार फिरवतो. हा अधिकार अद्भुताचा आहे. वास्तववादी कादंबरीला तोजीतल्या मूर्तीचे वर्णन करता येईल, मूर्ती घडवणाऱ्याचे दुःख सांगता येईल; पण पायाखालच्या उमेला उठवता येणार नाही.

दुसरा भाग खेळाचा. पार्वती आणि खेळ यांची गाठ जपान्यांनी प्रथम घातली असे मानायचे कारण नाही. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात, शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेली आहेत. चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांतही हा प्रसंग आहे. वर दैवी दांपत्य डावात रंगले आहे आणि खाली गणांनी नंदीची थट्टा मांडली आहे. हजार-बाराशे वर्षांहून जुन्या या शिल्पांत भक्तिभाव आणि विनोद एकमेकांच्या आड येत नाहीत. देवांना खेळताना दाखवल्याने ते लहान होतात, असे त्या शिल्पकारांना वाटले नाही.

त्यानंतर श्रीधर. ‘शिवलीलामृत’ १७१८ साली बारामतीत पूर्ण झाले आणि मराठी घरांतून आजतागायत वाचले जात आहे. आमच्या तुमसर तालुक्यात गायमुखला महाशिवरात्रीची यात्रा भरते, तेव्हाही गावोगाव या पोथीची पाने उलटली जातात. पण बहुतेकांचा पाठ अकराव्या अध्यायाचा. चौदाव्या अध्यायाकडे लक्ष कमी जाते, आणि आम्हांला हवी असलेली कथा तेथेच आहे. नारदाच्या चिथावणीने शिवपार्वती सारीपाट मांडतात. शिव हरत जातो. आयुधे जातात, अलंकार जातात, अखेर अंगावरचे वस्त्रही जाते. रुसलेला शिव वनात निघून जातो. त्याला परत आणायचे तर पार्वती म्हणून जाऊन चालणार नाही, हे ती ओळखते. आणि भिल्लिणीचे सोंग घेऊन वनात जाते. महायोगी त्या भिल्लिणीवर भुलतो.

वाचकांनी ही कथा क्षणभर त्या जपानी खेळाशेजारी ठेवून पाहावी. श्रीधराच्या पार्वतीने डाव जिंकला, पण जिंकून ती एकटी पडली. देवत्वाच्या बळावर मिळालेला विजय तिच्या कामाचा नव्हता. हरवलेले माणूस परत मिळवायला तिला देवत्व बाजूला ठेवून रानातली बाई व्हावे लागले. ताकादांच्या पार्वतीलाही अमरपण नको आहे. तीनशे वर्षांचे आयुष्य आणि तिसऱ्या डोळ्याचे तेज देऊन तिला साधे मरणाधीन माणूसपण विकत घ्यायचे आहे. दोन कथाकारांत अडीचशे वर्षांहून अधिक काळ आहे, दोन भाषा आहेत, समुद्र आहे. श्रीधर ताकादांपर्यंत पोचला असे आम्ही सुचवत नाही. आम्ही इतकेच म्हणतो, की पार्वतीच्या व्यक्तिरेखेतच ही वाट आहे. हिमालयाची लेक ही शिवाच्या घरातली माणूसपणाची बाजू. तिला खेळाला बसवले की ती बाजू वर येते.

सोंगाच्या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य या कथेला विलक्षण जुळते. या जातीच्या खेळांत मरण परत फिरवता येते. पात्र पडले तरी मंत्राने वा औषधाने उठते, आणि खेळणारा जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करतो. याकुमोचे दुःख नेमके हेच आहे, की त्याला मरता येत नाही. इतर खेळांत जी सोय असते ती येथे कथेचा शाप होऊन येते. आणि खेळणारा हातात घेतो ते सोंग देवीचे नव्हे, तिच्या सेवकाचे असते. ज्याच्या जिवाची किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे अशा माणसाच्या अंगात शिरून चालायचे. नवविधा भक्तीतले दास्य ज्याला ठाऊक आहे त्याला हे नाते परके वाटू नये.

या खेळांना दोष नाहीत असे नव्हे. तिबेट, भारत, चीन ही त्यांच्या दृष्टीने गूढांची कोठारे आहेत. तेथे जिवंत माणसे राहतात याची जाणीव पुसट आहे. बनारस हे नाव उचलले, नगर उचलले नाही. पण हाच आक्षेप आपल्या अद्भुत कादंबऱ्यांवरही घेता येतो. परमुलुख हा त्यांनाही चमत्कारांसाठीच हवा असे.

हे दोन्ही खेळ त्या काळी जपानबाहेर अधिकृतपणे निघाले नाहीत. १९९० च्या दशकात भारतातल्या लहान गावांत टीव्हीला जोडायची जी यंत्रे आली, ती बहुतेक सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या फॅमिकॉमची नक्कल होती, आणि त्यांत चालत ते धावण्याचे, उड्या मारण्याचे, गोळ्या झाडण्याचे खेळ. कारण उघड आहे. उडी मारायला भाषा लागत नाही. सोंग घ्यायला लागते. पानेच्या पाने संवाद असलेला खेळ भाषेच्या वेशीवर अडतो. म्हणून मारिओ आमच्या गल्लीत आला आणि पार्वती तोक्योतच राहिली.

आणि तेथेही ती किती राहील? त्या काळच्या अशा अनेक खेळांच्या पेटीत नाण्याएवढी बॅटरी असे आणि खेळणाऱ्याची सारी वाटचाल तिच्या जोरावर टिके. बॅटरी संपली की स्मृती संपली. अशा बॅटऱ्यांत मँगनीज डायऑक्साइड वापरतात, आणि आमच्या तालुक्यातली डोंगरी बुजुर्गची खाण त्याच जातीच्या, बॅटरीच्या कामी येणाऱ्या खनिजासाठी ओळखली जाते. खनिज आमच्या मातीत, पार्वती आमच्या पोथीत. पण दोन्ही एकत्र करून खेळ मांडला तो दुसऱ्यांनी.

याचे वैषम्य वाटावे की नाही? पार्वती आमची, ती परत द्या, अशी आरोळी ठोकण्यात अर्थ नाही. कथेची मालकी सातबाऱ्यावर चढत नाही. जो कथा पुन्हा मांडतो त्याच्याकडे ती राहते. वेरूळच्या शिल्पकाराने ती मांडली, श्रीधराने मांडली, म्हणून तेवढा काळ ती आपली होती. आज आमच्या विद्यार्थ्यांना शिवपार्वती ठाऊक असतात त्या दिनदर्शिकेतल्या चित्रातून आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांतून. तेथे त्या हसतात, आशीर्वाद देतात, पण डाव हरत नाहीत, रुसत नाहीत, सोंग घेत नाहीत. देव खेळेनासे झाले की कथा थिजते. आणि थिजलेल्या कथेसाठी मग माणसे भांडू लागतात.

अद्भुताला वाङ्मयाचे बाळपण म्हणणाऱ्यांना म्हणूनच आमची विनंती आहे, की त्यांनी ‘शिवलीलामृता’चा चौदावा अध्याय एकदा कथा म्हणून वाचावा. त्यात हरणारा देव आहे, जिंकून एकटी पडलेली देवी आहे आणि माणसाचे सोंग घेतल्यावाचून न सुटणारा पेच आहे. यात बाळपण कोठे आहे? पट तीनशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे. फासे टाकायला मराठीतून कोणी बसते का, एवढाच प्रश्न.