वसंतातली व्याख्याने

१. वसंतातली व्याख्याने : लेखकाने नाव दिलेले नाही, पण रोख पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेकडे आहे. महादेव गोविंद रानड्यांच्या पुढाकाराने ती १८७५ मध्ये सुरू झाली. चालवणारी संस्था वक्तृत्वोत्तेजक सभा. व्याख्यानांची ही हौस मात्र त्याआधीची. १८७२-७३ मध्येच रानड्यांनी पुणेकरांपुढे देशी व्यापारावर बोलून, परका पक्का माल घेऊन कच्चा माल विकत बसण्याने देश कसा खंगतो हे उलगडून दाखवले होते, आणि तेही मराठीतून, सरकारी न्यायखात्याची नोकरी सांभाळून! लेखकाने त्यांना सरसकट ‘न्यायमूर्ती’ म्हटले आहे, ते नंतरच्या पदावरून. उच्च न्यायालयात त्यांची नेमणूक १८९३ मध्ये झाली. — संपादक