एका ग्रामीण पाद्र्याचा वारसा

मनुष्याने मागे काय ठेविले, याचा हिशेब जग बहुधा घरदार व जमीनजुमला यांवरून करीत असते. स्कॉटलंडातील प्रेसबिटेरियन पाद्र्यास हे माप लावणे कठीण. बिशपांची सत्ता न मानणाऱ्या व वडीलमंडळींच्या सभांनी चालणाऱ्या त्या चर्चचा ग्रामीण पाद्री ज्या घरात राही, ते घर त्याच्या पदाबरोबर येई व पदाबरोबरच जाई. मग अशा घराण्याचा वारसा तो कोणता? हेन्री डंकन याच्या चरित्रात याचे उत्तर सापडते, असे आम्हांस वाटते.

डंकन १७७४ साली लॉक्रटन येथील पाद्र्याच्या घरी जन्मला. लिव्हरपूलच्या एका पेढीत तीन वर्षे कारकुनी केल्यावर तो वडिलांच्याच मार्गास लागला, व १७९९ साली डम्फ्रीस परगण्यातील रथवेल या गरीब गावी त्याची नेमणूक झाली. पेढीतील शिक्षण तेथे कामास आले. त्या काळी स्कॉटलंडातील पेढ्या दहा पौंडांखालील ठेव सहसा घेत नसत. मजुराच्या चार पैशांस सुरक्षित जागाच नव्हती. १८१० साली डंकनने काढलेल्या सेव्हिंग्ज बँकेत सहा पेन्ससुद्धा ठेविता येत. पहिल्या वर्षी १५१ पौंड जमले, चौथ्या वर्षी ९२२. गरिबास दान देण्यापेक्षा त्याची मिळकत त्याच्याच हाती राहील असे करावे, हा त्यातील हेतू होता.

त्याच गावी अँग्लो-सॅक्सन काळचा एक कोरीव क्रूस होता. तो मूर्तिपूजेचे चिन्ह ठरवून त्याच्याच चर्चच्या आज्ञेने सतराव्या शतकात फोडण्यात आला होता. डंकनने तुकडे जुळवून तो १८२३ साली आपल्या बागेत उभा केला.

पुढे खरी कसोटी आली. मंडळीची संमती नसता जमीनदाराने पाद्री नेमावा काय, या वादात १८४३ साली चारशेंहून अधिक पाद्री राजमान्य चर्चमधून बाहेर पडले. १८३९ साली महासभेचे अध्यक्षपद भूषविलेला डंकनही त्यांत होता. अडुसष्टाव्या वर्षी त्याने वेतन सोडले, चव्वेचाळीस वर्षांचे घर सोडले, आणि बागेतील तो क्रूसही तेथेच राहिला. १८४६ साली त्याचे निधन झाले.

त्याचे दोन पुत्र पाद्रीच झाले. पैकी जॉर्ज याने १८४८ साली पित्याचे चरित्र प्रसिद्ध केले. सून मेरी लंडी डंकन पंचविसाव्या वर्षीच वारली. परंतु तिने रचिलेली मुलांची सायंप्रार्थना पुढे घरोघरी म्हटली गेली. क्रूस १८८७ साली रथवेलच्या चर्चमध्ये नेण्यात आला.

डंकनने मुलांस घर दिले नाही. उलट प्रसंग येताच घर सोडता येते, हे त्यांस दाखवून दिले. दुसऱ्याच्या शिल्लकेची काळजी वाहणाऱ्या या पुरुषाने स्वतःची सुरक्षितता मात्र तत्त्वासाठी सोडली. घराण्याचा याहून मोठा ठेवा आम्हांस तरी दिसत नाही.