क्रूगर राष्ट्रीय उद्यान : सहकुटुंब, स्वतः गाडी चालवत

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सीमेला लागून क्रूगर राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या पाचपटीहून अधिक आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३६० किलोमीटर आणि सरासरी रुंदी ६५ किलोमीटर. सस्तन प्राण्यांच्या जवळजवळ दीडशे आणि पक्ष्यांच्या पाचशेहून अधिक जातींची येथे नोंद आहे. भारतातील व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकाला नोंदणीकृत जीप आणि वाटाड्या घ्यावा लागतो. क्रूगरमध्ये मात्र सामान्य कुटुंब भाड्याच्या साध्या मोटारीतून, कोणाच्याही सोबतीविना, दिवसभर जंगलात हिंडू शकते. या मोकळिकीमुळे सुरक्षिततेची जबाबदारीही चालकावरच येते.

इतिहास

ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या कारकिर्दीत, १८९८ मध्ये, साबी नदीच्या परिसरात शिकारबंदीचे क्षेत्र घोषित झाले. १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांची तेथे वनरक्षकप्रमुख म्हणून नेमणूक झाली. चोरट्या शिकाऱ्यांबरोबरच त्यांनी तेथील रहिवाशांनाही बाहेर काढले. त्यावरून त्सोंगा भाषिकांनी त्यांना ‘स्कुकुझा’, म्हणजे झाडून साफ करणारा, असे नाव दिले. उद्यानाच्या मुख्य तळाला आज तेच नाव आहे. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये पर्यटकांच्या पहिल्या तीन मोटारी आत आल्या.

मध्य भागातील एका तळाचे नाव ‘सतारा’ आहे. जमीन मोजणीच्या काळात एका भारतीय साहाय्यकाने सतराव्या क्रमांकाच्या भूखंडाला ‘सतरा’ म्हटले आणि त्यावरून हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. गोमंतकीयांना या परिसराची आणखी एक ओळख आहे. पोर्तुगीज अमलात अनेक गोमंतकीय कुटुंबे ज्या मोझांबिकमध्ये स्थायिक झाली, त्याचीच सीमा उद्यानाच्या पूर्वेला भिडते.

कधी जावे

मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा. गवत वाळून खुरटते, झाडांची पाने झडतात आणि जनावरे पाणवठ्यांवर एकवटतात. त्यामुळे ती सहज दिसतात. पहाटे कडाक्याची थंडी असते, म्हणून मुलांना लोकरीचे कपडे हवेत. आपल्याकडील मे महिन्याची सुट्टी या हंगामाच्या आरंभी येते, ही सोयीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत तेथे उन्हाळा आणि पहिला पाऊस असतो. नाताळात रान हिरवेगार असते, इम्पाला हरणांची पाडसे व स्थलांतरित पक्षी दिसतात. मात्र दाट झाडीत सिंह-बिबटे शोधणे अवघड जाते आणि स्थानिक पर्यटकांची गर्दीही असते. पावसाळ्यात पूर आल्यास नदीवरील सखल पूल बंद होतात. २००० सालच्या महापुरात उद्यानाची मोठी हानी झाली होती.

दिवसाचे गणित

डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. प्रत्यक्षात थांबत-पाहत जाताना तासाला पंचवीस किलोमीटर धरावेत. स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा रस्ता जेमतेम ४५ किलोमीटरचा, पण त्यावर सहज अर्धा दिवस जातो. स्कुकुझाहून साताऱ्याची आठवण करून देणाऱ्या सतारा तळापर्यंतचे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे.

मुक्कामाच्या तळांना कुंपण असते आणि त्यांची दारे ठरल्या वेळी उघडतात व मिटतात. मे ते जुलै या काळात ती सकाळी सहाला उघडून सायंकाळी साडेपाचला बंद होतात. भर उन्हाळ्यात पहाटे साडेचारला उघडून सायंकाळी साडेसहाला मिटतात. उशीर करणाऱ्यास दंड होतो. रात्री केवळ उद्यानाच्या वाहनातून, वनरक्षकासोबतच फिरता येते. वनरक्षकासोबत पायी फिरण्याची सोय आहे, पण १२ वर्षांखालील मुलांना त्यात प्रवेश नाही.

दारे उघडताच बाहेर पडावे, दहाच्या सुमारास परतावे आणि दुपारनंतर पुन्हा निघावे, हा क्रम मुलांना झेपतो. प्रसाधनगृहे फक्त तळांवर आणि त्शोक्वाने, न्कुहलू यांसारख्या ठरावीक विश्रांतीस्थळांवर असतात. निघण्यापूर्वी नकाशावर ती ठिकाणे हेरून ठेवावीत, कारण वाटेत मुलाला ‘जरा बाजूला’ उतरवणे येथे शक्य नसते.

गाडीत बसण्याची शिस्त

ठरवून दिलेल्या जागा सोडून अन्यत्र दार उघडू नये, खिडकीतून किंवा छतातून अंग बाहेर काढू नये, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. बंद गाडीकडे सिंह सहसा लक्ष देत नाही; बाहेर आलेला माणूस मात्र त्याच्या नजरेत भरतो. गाडी बंद पडली तरी आतच बसून तातडीच्या क्रमांकावर फोन करावा. मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नाही. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला थांबवून निरोप द्यावा. टायरची तपासणी तळावरच करून घ्यावी. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर व काचा अनेकदा नसतात, हेही करार करतानाच पाहावे.

सिंहापेक्षा हत्तीची काळजी अधिक घ्यावी लागते. कळप रस्ता ओलांडत असेल तर दूर थांबावे; पिलू आणि आई यांच्यामध्ये गाडी कधीही घालू नये. कान फडकवणे, डोके हलवणे, सोंड उंचावणे ही इशाऱ्याची लक्षणे होत. डोळा आणि कान यांच्यामधून द्रव पाझरत असेल आणि मागचे पाय मूत्राने ओले असतील, तर तो नर माजावर आहे असे समजावे व हळूहळू मागे सरावे. मागे यायला जागा राहील अशीच गाडी नेहमी उभी करावी.

जनावर शोधण्याची युक्ती सोपी आहे. इम्पालांचा कळप एकाच दिशेला टक लावून पाहत असेल, तर तिकडे श्वापद असण्याचा संभव असतो. तळावरच्या फलकावर त्या दिवशीच्या नोंदी रंगीत खुणांनी लावलेल्या असतात. मुलांच्या हाती दुर्बीण आणि प्राणी-पक्ष्यांची यादी दिली, तर लांबचा प्रवास कंटाळवाणा होत नाही.

मुक्काम, भोजन, कागदपत्रे

बारा मुख्य तळांवर कुटीरे, दुकान आणि बहुतेक ठिकाणी पेट्रोल पंप आहेत. अनेक कुटीरांत स्वयंपाकाची सोय असल्याने शाकाहारी कुटुंबाचीही अडचण होत नाही. भारतीय वंशाच्या मोठ्या वस्तीमुळे डाळ-तांदूळ, मसाले शहरांतील दुकानांत मिळतात. वानरे आणि बबून खाद्यपदार्थ पळवतात, म्हणून शीतकपाट व दारे लावून ठेवावीत. त्यांना खाऊ घालण्यास सक्त मनाई आहे. सुट्टीच्या काळातील आरक्षण अनेक महिने आधी करावे.

जोहान्सबर्गहून उद्यानाची दक्षिणेकडील दारे मोटारीने चार-पाच तासांवर आहेत. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वाहतूक खात्याकडून निघण्यापूर्वी काढावा. भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो. मुलांसाठी दोन्ही पालकांची नावे असलेला जन्मदाखला आणि एकच पालक सोबत असल्यास दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ ठेवावे. परिसर हिवतापाचा आहे व पावसाळ्यात धोका वाढतो. मुलांच्या औषधाबाबत डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. उद्यानाबाहेरचा प्रवास दिवसाउजेडीच करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये नुंबी दाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी एका जर्मन पर्यटकाचा बळी घेतला होता.

जंगल आणि माणसे

शिंगांसाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीमुळे येथील गेंड्यांची संख्या गेल्या दीड दशकात फार घटली. गेंड्याचे छायाचित्र ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नये, असे सांगतात ते याचसाठी. शिकारी टोळ्याही ती माहिती वाचतात.

उद्यानाची किंमत माणसांनीही मोजली आहे. उत्तरेकडील पाफुरी भागातून माकुलेके समाजाला १९६९ मध्ये बळाने हलवण्यात आले. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर, १९९८ मध्ये, त्यांना जमिनीची मालकी परत मिळाली. ती शेतीसाठी न वापरता उद्यानाचाच भाग ठेवून पर्यटनातून उत्पन्न घेण्याचे त्यांनी मान्य केले. लेव्हुबू आणि लिंपोपो नद्यांच्या संगमाजवळ जाणारे पर्यटक आज त्यांच्याच भूमीतून प्रवास करतात.